ज्याचं कुलूप, त्याचाच हात

वरखाली काकांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही क्षणभर आठवावं लागे. माणसाचा उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला, म्हणून लोकांनी हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की पत्र टाकणारासुद्धा पाकिटावरचं नाव न वाचता "वरखाली आहेत का घरात?" असं विचारायचा. बायको, म्हणजे सगळ्या गल्लीची काकू, हसून म्हणायची, "जन्मभर जगाला वर पोचवलं, आमचे हे मात्र तळमजल्यावरच." त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं. "अगं, वर चढलेल्यांना उतरवायला खाली कुणीतरी लागतंच ना!"

काका खेड्यात वाढलेले. शाळेच्या खिडकीतून विहीर दिसायची आणि विहिरीवर रहाट करकरत असायचा. गुरुजी फळ्यावर बेरजा मांडत आणि हे महाशय दोरीकडे बघत बसत. एकदा गुरुजींनी पकडलं. "काय रे, दोरीच्या एका टोकाला घागर. दुसऱ्या टोकाला काय?" हे उभे राहिले आणि म्हणाले, "दुसऱ्या टोकाला माणूस, गुरुजी." वर्ग खो खो हसला आणि छडीही मिळाली. पण उत्तर काही खोटं नव्हतं. पुढे आयुष्यभर काकांनी लिफ्टच्या त्या खोल, अंधाऱ्या पोकळीला विहीरच म्हटलं आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला माणूस आहे हे कधी विसरले नाहीत.

एकदा मात्र दुसऱ्या कुणाला तरी विसर पडला. काकांबरोबर त्यांचा मेहुणा काम करायचा. गाणारा, खिदळणारा गडी. तो विहिरीच्या तळाशी उतरून स्प्रिंगला तेल घालत होता. वर गच्चीवरच्या यंत्रखोलीत मुख्य बटण बंद करून ठेवलेलं. रहिवाशांनी "किती वेळ, किती वेळ" म्हणून पहारेकऱ्याचा जीव खाल्ला, आणि त्या भल्या माणसाने जाऊन बटण चालू केलं. मेहुणा वाचला, पण पाय गेला. गाणंही गेलं.

तेव्हापासून काकांच्या कारखान्यात एक रीत पडली. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची एक लांबट खोली, दोन बाकं, लोखंड घट्ट पकडायचा एक पिळगा आणि भिंतीवर खिळे. त्या खिळ्यांवर कुलपं. प्रत्येक माणसाचं स्वतःचं कुलूप, त्यावर खिळ्याने कोरलेली त्याची खूण. विहिरीत उतरायचं तर आधी मुख्य बटण बंद करायचं, त्याच्या दांडीत आपलं कुलूप अडकवायचं, किल्ली गळ्यात घालायची आणि मगच पाय आत टाकायचा. ज्याचं कुलूप, त्याचाच हात. दुसऱ्याने ते काढायचं नाही, मालक आला तरी नाही, मंत्री आला तरी नाही. कुणी विसरून घरी गेला तर जेवणावरून उठून परत यायचं. आणि कुलूप तोडायची वेळ आलीच, तर आधी त्या माणसाला विहिरीबाहेर आपल्या डोळ्यांनी बघायचं, मग करवत हातात घ्यायची.

दुसरी रीत ठोक्यांची. विहिरीत ओरडलं की आवाज भिंतींवर आपटत फिरतो, कोण काय म्हणालं कळत नाही. म्हणून लिफ्टचा डबा ज्यावरून सरकतो त्या रुळावर पान्याने ठोकायचं. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे वर, तीन म्हणजे खाली. आणि तिसरी रीत, विहिरीत एकट्याने उतरायचं नाही.

ह्या तीन रीती जो पाळील त्याला काका काम शिकवत, मग तो कुठूनही आलेला असो. कोर्टातून आलेला असला तरी.

वस्तीत एक केंद्र होतं. जुन्या गोदामाला रंग देऊन केलेलं. कोर्टात उभ्या राहिलेल्या पोरांना आत डांबण्याऐवजी कोर्ट तिथे सोपवायचं. पोरांनी काम शिकायचं, वेळेवर हजर राहायचं, आणि ज्याचं आपण मोडलं त्याच्यासाठी काहीतरी नीट करून द्यायचं, अशी तिथली पद्धत. केंद्र चालवणाऱ्या ताई काटक, बोलायला धारदार आणि चष्मा सदा डोक्यावर. काकांकडे त्यांनी आधीही पोरं पाठवली होती. काही टिकली. एक आज परगावी स्वतःचा धंदा करतो. एक मात्र पान्यांची पेटी घेऊन पसार झाला, तेव्हा काकू म्हणाली, "चला, निदान हत्यारं तरी धंद्याला लागली."

एके दिवशी ताई एका मुलीला घेऊन आल्या. सतरा वर्षांची, हडकुळी, केस कानापर्यंत कापलेले. वस्तीत तिला भिंगरी म्हणत, कारण स्कूटर ती तशी फिरवायची. गुन्हाही स्कूटरचाच. पुढे ही चालवायची आणि मागे बसलेला भाऊ रस्त्यावरच्या बायकांच्या पिशव्या हिसकायचा. एका आजींनी पिशवी सोडली नाही, त्या फरफटल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं.

"मुलगी?" काका ताईंना बाजूला घेऊन म्हणाले. "विहिरीत?"

"का? विहिरीला काही अडचण आहे?" ताई म्हणाल्या. "काका, स्पष्टच सांगते. न्यायाधीश बाईंनी तिला शेवटची संधी दिलीय. एकदा जरी ती कामावरून गायब झाली किंवा नियम मोडला, तर मला कळवावंच लागेल. मग ती आत जाईल. आत गेलेली पोरगी कशी बाहेर येते ते मी बघितलंय."

काकांनी भिंतीवरचं एक नवं कुलूप काढून पोरीच्या हातात दिलं. तिने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि पहिल्यांदाच तिच्या ओठांचा कोपरा हलला.

"काका, आजवर कुलपं बाहेरून लागायची. किल्ली पोलिसाकडे."

"हे उलटं आहे," काका म्हणाले. "हे लागलं की जग तुझ्यासाठी थांबतं. खूण कोर."

तिने खिळा घेऊन भिंगरी कोरली. चार पाकळ्या आणि मधे टिंब.

आणि काम कुठलं मिळालं? तर त्याच आजींच्या इमारतीतलं. ताईंनी मुद्दामच ठरवलेलं. आजी जुन्या शिवणकामवाल्या, सहाव्या मजल्यावर एकट्या राहायच्या. हाड जुळलं, पण जिना काही जमेना, आणि इमारतीची लिफ्ट कित्येक दिवस मरून पडलेली. आजी वर अडकल्या त्या अडकल्याच. खालची दुनिया त्या खिडकीतून बघायच्या.

पहिल्या दिवशी भिंगरी त्यांच्या दारात उभी राहिली. आजींनी काठी टेकत तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तूच ना स्कूटरवाली?"

"हो."

"मी पडले तेव्हा तू मान वळवून बघितलंस. वेग कमी केलास. मागच्याने तुझ्या पाठीत बुक्की घातली, तेसुद्धा बघितलं मी." आजी दारातून बाजूला झाल्या. "जबाब घ्यायला घरी आले तेव्हा मी हे सांगितलं, म्हणून तू इथे आहेस. आता लिफ्ट नीट कर. मला कोर्टात त्या मागच्याचंही सांगायला जायचंय."

मागचा म्हणजे भिंगरीचा सख्खा भाऊ. लोक त्याला थंड्या म्हणत. त्याला कुणी चिडलेलं पाहिलं नव्हतं. कुणाचं बोट मोडायचं असलं तरी आधी "माफ करा हं" म्हणायचा असं सांगत. खोटंही असेल, पण सांगणारे सांगताना इकडेतिकडे बघत. पिशव्या हिसकताना तो तोंडाला रुमाल बांधी, म्हणून त्याला ओळखणारं कुणी नव्हतं. फक्त आजींनी पडता पडता तो रुमाल ओढून काढला होता. आजी कोर्टात उभ्या राहिल्या की थंड्याचा जामीन संपला. आणि आजींना कोर्टापर्यंत न्यायचं तर लिफ्ट हवी. ती लिफ्ट दुरुस्त करत होती थंड्याचीच बहीण. नशीब कधी कधी असल्या गाठी मारतं की दातांनीही सुटू नयेत.

पोरगी कामाला वाघ निघाली. उंचीची भीती नाही, अंधाराची नाही. ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घालून वर "काका, हे काकूंच्या लोण्यापेक्षा मऊ आहे" म्हणायची. काकू डबा पाठवी. मेहुणा कुबडी टेकत येऊन बसे आणि भिंगरीला ठोके शिकवी. त्याने गुणगुणायला सुरुवात केल्याचं काकूच्या कानावर आलं, तर तिने पदराने डोळे पुसले.

आणि मग एका दुपारी कारखान्याच्या दारात थंड्या उभा.

गोरटेला, नीट भांग पाडलेला, हातात संत्रं. "येऊ का काका?" म्हणून आत आला आणि बाकावर टेकला. भिंगरीचा हात पिळग्यावर होता तिथेच थांबला. थंड्याने खिशातून छोटा चाकू काढला आणि संत्रं सोलायला लागला. साल एकाच पट्टीत, गोल गोल, न तुटता खाली उतरत होती.

"आमच्या बाळीला बरं शिकवताय," तो म्हणाला. "आई खूश आहे."

"तुमची बाळी हुशार आहे," काका म्हणाले.

"आहेच. लहानपणापासून माझ्या मागेमागे." साल लांबत होती. "काका, एक अडाण्यासारखं विचारू? दोर तुटला तर काय होतं हो लिफ्टचं?"

"दोर तुटत नाही. पोलादी असतात, आणि एकाला चार."

"मग कधीच पडत नाही?"

"कुणी वरचे नट सोडले तरच."

काकांनी हे सरळ सांगितलं, जसं कुणालाही सांगितलं असतं, आणि बोलून झाल्यावर त्यांना उगाचच थंडी वाजली.

"असं होय," थंड्या म्हणाला. अखंड साल त्याने बाकावर वेटोळं करून ठेवली. एक फोड बहिणीपुढे धरली. तिने घेतली नाही. "खा की," तो मवाळपणे म्हणाला. तिने घेतली आणि मुठीत धरून ठेवली. तो गेल्यावर मूठ उघडली तर नुसता चोथा.

"काय म्हणतो तो घरी?" काकांनी विचारलं.

"काहीच नाही."

"धमकी?"

"काका, तो काहीच म्हणत नाही. तेच तर." तिने हात पुसले. "आई म्हणते, लिफ्ट नीट झाली नाही तर कुणाचं काय बिघडतं? म्हाताऱ्या माणसाने घरात बसावं."

"आणि तू काय म्हणतेस?"

ती पान्यांच्या पेटीकडे वळली.

त्यानंतर थंड्या रोज दिसू लागला. इमारतीसमोरच्या पानाच्या टपरीशी, कधी जिन्याच्या पहिल्या पायरीवर. काही करायचा नाही, येणाऱ्याजाणाऱ्याला वाट द्यायचा, एका बाईचं बोजडं ओझंसुद्धा त्याने वर नेऊन दिलं. पायऱ्यांवर सालीची वेटोळी पडलेली असायची, अखंड. काका ती पायाने बाजूला सारत आणि प्रत्येक वेळी वाटे, आपण काहीतरी जिवंत सारतोय.

लिफ्ट तयार झाली. आजींच्या साक्षीच्या आदल्या संध्याकाळी काका आणि भिंगरी दोघं तीत बसून वरपासून खालपर्यंत गेले. दुरुस्त करणाऱ्याने आधी चढायचं, हीही काकांचीच रीत. डबा लोण्यासारखा सरकला. उद्या सकाळी शेवटचं बघायचं आणि आजींना उतरवायचं. डबा चौथ्या मजल्यावर उभा करून दोघं घरी गेले.

सकाळी काका अंघोळ करून आले तर काकू हातात फोन घेऊन उभी.

"पोरीचा होता वाटतं. बोललीच नाही. नुसता श्वास. मी 'हॅलो हॅलो' करतेय, आणि मागे नळ वाहिल्याचा आवाज. मग ठेवून दिला."

काकांनी उलटा फोन लावला. लागेना. चहा तसाच सोडून त्यांनी पेटी उचलली. "अहो, निदान घोटभर..." काकू म्हणेपर्यंत ते गल्लीच्या टोकाला पोचले होते.

इमारतीपुढे ताई रिक्षा थांबवून उभ्या. वर सहाव्या मजल्यावर आजी इस्त्रीची साडी नेसून, चालण्याची चौकट पुढे घेऊन लिफ्टच्या दाराशी तयार. आणि लिफ्ट बंद. बटण दाबलं तरी दिवा नाही. इमारतीचे सेक्रेटरी घामाघूम होऊन जिन्यात वरखाली करत होते.

"हे बघा तुमचं काम! काल म्हणालात झाली म्हणून!"

काका गच्चीवर चढले. यंत्रखोलीचं दार नुसतंच लोटलेलं. आत मुख्य बटण बंद, आणि त्याच्या दांडीत एक कुलूप. त्यावर चार पाकळ्या, मधे टिंब.

काकांनी कुलपाला हात लावला नाही.

ते खाली सहाव्या मजल्यावर आले तेव्हा तिथे आणखी एक माणूस येऊन उभा होता. नीट भांग पाडलेला. हातात संत्रं, अर्धं सोललेलं.

"तुमच्या बटणाला कुलूप आहे," काका सेक्रेटरींना म्हणाले. "भिंगरीचं."

"मग बोलवा तिला!"

"ती नाहीये," थंड्या हळूच म्हणाला. "पहाटेच घरातून गेली. पळाली, काका. मला सांगायला लाज वाटते, पण सख्खा भाऊ आहे, खोटं कशाला बोलू? जाता जाता कुलूप ठोकून गेली. आजींनी जाऊ नये म्हणून." त्याने मान हलवली. "माझ्यासाठी केलं असेल वेडीने."

ताईंचा चेहरा उतरला. चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आला. "काका, ती गेली असेल तर मला आज कोर्टात कळवावं लागेल. माझ्या हातात काही नाही."

"आधी कुलूप कापा!" सेक्रेटरी ओरडले. "पोरीचं मागनं बघा. कटर आहे ना पेटीत?"

"हो, कापा ना," थंड्या म्हणाला. "कोर्ट उघडलं असेल. आजींना उशीर होतोय."

सगळेच तेच म्हणत होते. आजीसुद्धा म्हणाल्या, "बाबा, करा काहीतरी, मला कोर्टात ह्याच्यासमोर उभं राहायचंय," आणि थंड्याकडे बघितलं. थंड्याने आदराने मान लववली. आणि तिथेच काकांच्या मनात पाल चुकचुकली. आजी कोर्टात पोचल्या तर जो बुडणार, त्यालाच लिफ्ट चालू करायची सगळ्यांत जास्त घाई?

काकांनी दाराची किल्ली काढली आणि विहिरीचं दार हातभर उघडलं. आतून थंड, तेलकट वारा वर आला. खाली काळोख. भिंगरीला हाक मारावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. थंड्या त्यांच्या पाठीशी येऊन उभा राहिला होता. इतका जवळ की संत्र्याचा वास येत होता. पुढे उघडी विहीर, मागे तो.

काकांनी पान्यासकट हात आत घातला आणि रुळावर हलकेच ठोकलं. एकदा.

काहीच नाही. खाली कुठेतरी पाण्याचा थेंब पडला.

"उंदीर असतील," थंड्या कानाशी म्हणाला.

मग खालून, अगदी जवळून, लोखंडावर लोखंड वाजलं. एक ठोका.

थांब.

काकांनी डोळे मिटून घेतले. पोरगी जिवंत होती. जिवंत होती, आत होती, तोंडाने बोलत नव्हती, आणि सांगत होती की डबा हलवू नका.

ते वळले आणि दार व थंड्या यांच्या मधे उभे राहिले.

"कुलूप कापत नाही," ते म्हणाले.

"अहो पण..." सेक्रेटरी म्हणाले.

"कुलूप आहे म्हणजे माणूस आत आहे. ताई, पोरगी पळालेली नाही. ती विहिरीत आहे. डब्याच्या डोक्यावर, जिथे दोर बांधलेत तिथे."

जिन्यात एक बारीकसा आवाज झाला. थंड्याच्या हातातली साल तुटून फरशीवर पडली होती. तो तिच्याकडे बघत राहिला, जणू ती कुणा दुसऱ्याची होती. आणि चाकू धरलेल्या त्याच्या बोटांकडे काका बघत राहिले. भांग नीट, सदरा स्वच्छ, पण नखांच्या कडांना काळं. ते काळं काकांना चाळीस वर्षांच्या ओळखीचं होतं. साबणाने जात नाही ते.

"दार उघडा," थंड्या म्हणाला. आवाज तसाच मऊ होता, पण त्याला तडा गेलेला.

"कशाला?"

"बहीण आहे माझी."

"मग मागे हो."

थंड्याने हात उचलून काकांच्या खांद्यावर ठेवला. हात खरंच थंड होता. पाठीमागे हातभर उघडं दार, त्यातून येणारा वारा मानेला लागत होता. काकांनी पाय फरशीत रोवले आणि वाटलं, दोराच्या एका टोकाला ती आहे आणि दुसऱ्या टोकाला आपण, बस. ताई एक पाऊल पुढे आल्या. आजींनी चौकट आपटली. "ए! काढ तो हात! दुसऱ्यांदा बघतेय मी तुला!"

हात निघाला. थंड्या जिना उतरू लागला. पळाला नाही. एकेक पायरी, शांतपणे. सगळ्यांनी ती पावलं खालपर्यंत ऐकली.

मग काकांनी दार पूर्ण उघडून विजेरी मारली. चौथ्या मजल्याच्या डब्याच्या टपावर भिंगरी गुडघ्यांवर बसली होती, पान्याची मूठ दोन्ही हातांनी धरून, अंगभर ग्रीस. दोरांच्या बांधणीवरचे नट जवळजवळ सगळे सैल होते. एक दोर तर शेवटच्या आट्यांवर लोंबत होता, तो तिने कसून आवळला होता.

"काका," ती कुजबुजली, "एक नट सापडत नाही."

मग सगळं बाहेर आलं. पहाटे नळावर भाऊ हात घासत होता आणि काळं निघत नव्हतं. तिने ते नखांतलं काळं ओळखलं. आपल्या पिशवीतली विहिरीच्या दाराची किल्ली पाहिली तर जागेवर नव्हती, नंतर त्याच्या सदऱ्याच्या खिशात सापडली. काकांना फोन लावला, पण तो पाठीमागे येऊन उभा राहिला. किल्ली घेऊन ती तशीच निघाली. एकटीने विहिरीत उतरायचं नाही हे तिला ठाऊक होतं. पण बटण दाबायला आजी कधीही दाराशी येतील असं तिला वाटलं. कुलूप लावलं आणि उतरली. नंतर त्याचा आवाज वर ऐकू आला आणि तिने विजेरी विझवली.

काकांनी पेटीतला नवा नट काढून दिला. दोघांनी मिळून प्रत्येक नट तपासला, सुटू नये म्हणून त्यावर दुसरा नट आवळला. सेक्रेटरी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते, पण आता बोलत नव्हते. शेवटी भिंगरी गच्चीवर गेली, गळ्यातली किल्ली काढली आणि स्वतःच्या हाताने कुलूप उघडलं. आधी ती आणि काका चढले, खाली गेले, वर आले. मग आजी आत आल्या. डबा हलला तेव्हा आजींनी भिंगरीचं मनगट धरलं आणि तळमजला येईपर्यंत सोडलं नाही.

कोर्टात थंड्या आला नाही. त्याच्या नावाने वॉरंट निघालं. आजींनी उभं राहून जे बघितलं ते सांगितलं, आणि बसायला सांगितलं तरी बसल्या नाहीत.

मग न्यायाधीश बाईंनी भिंगरीला पुढे बोलावलं. ताईंनी काही लपवलं नव्हतं. मुलगी एकटी विहिरीत उतरली, नियम मोडला.

"का उतरलीस?"

मागच्या बाकावर भिंगरीची आई बसली होती. पोरगी खाली मान घालून उभी. कारण सांगितलं तर भाऊ गेला, न सांगितलं तर ती गेली. पंखा कुरकुरत होता. काकांना वाटलं, आपणच उठून बोलावं. पण ते उठले नाहीत. कुलूप तिचं होतं.

"माझ्या भावाच्या नखांत ग्रीस होतं," ती म्हणाली. मागे आईने तोंडात पदर कोंबला.

बाईंनी काकांना विचारलं, "सगळे म्हणत होते ती पळाली. तुम्ही कुणाच्या भरवशावर थांबलात? तिच्या?"

"कुलपाच्या, बाई," काका म्हणाले. "भरवसा पुढे हळूहळू बसला असता. कुलूप तिथे दिसत होतं."

बाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं की नाही, हे काकूने नंतर खोदून खोदून विचारलं, पण काकांना सांगता येईना. भिंगरी आत गेली नाही. तिची मुदत काकांकडेच चालू ठेवली. घरी मात्र आईने दार उघडलं नाही. तेव्हापासून ती काकूच्या स्वयंपाकघरात चटईवर झोपते, आणि काकू म्हणते, "ह्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याआधी उठतंय."

पुढे आजी रोज खाली उतरू लागल्या. मेहुणा गाऊ लागला, बेसूर, पण गाऊ लागला. थंड्या मात्र सापडला नाही. कुणी म्हणे परगावी गेला, कुणी म्हणे इथेच आहे. काका आजही कुठल्याही डब्यात पाय ठेवण्याआधी टपावरचे नट हाताने चाचपतात. लोक हसतात. हसोत.

परवा सकाळी काका आणि भिंगरी कारखान्यावर आले तर दाराच्या कडीला काहीतरी गुंडाळलेलं होतं. संत्र्याची साल. एका पट्टीत, अखंड, ताजी. काकांनी ती उलगडली तर आतून एक नट हातात पडला. जुना, आटे झिजलेले, पण स्वच्छ पुसलेला. त्या दिवशी न सापडलेला.

काकांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. टपरीशी कुणी नव्हतं. परत केला की बजावलं, त्यांना कळेना, आणि पोरीला विचारायचं धाडस होईना.

भिंगरीने नट त्यांच्या हातातून घेतला. रॉकेलमध्ये बुडवून काढला, उजेडाकडे धरून आटे पाहिले.

"गेलाय हा," ती म्हणाली. "परत वापरायचा नाही."

तिने तो भंगाराच्या डब्यात टाकला, भिंतीवरचं आपलं कुलूप काढलं आणि किल्ली गळ्यात घातली. मग दारात थांबली.

"काका, आज तुम्ही पुढे चाला," ती म्हणाली. "मी मागे बघते."